पाच माणसांची एक रांग

आमच्या गावातल्या मंगल कार्यालयाचा मंच अठ्ठावीस फूट रुंद आणि सोळा फूट खोल आहे. जमिनीपासून उंची साडेतीन फूट. ही मापं मी स्वतः फीत लावून घेतली आहेत, एकदा नव्हे, तीनदा. पुढे जे सांगणार आहे त्यात माप चुकलेलं नाही, हे आधीच सांगतो.

मी बांधकाम विभागात नोकरीला आहे. पंचवीस वर्षं भिंती, नाल्या, रस्त्याची जाडी मोजतो आणि मोजमाप पुस्तकात लिहितो. मी लिहिलेला आकडा दुसऱ्यांदा कुणी तपासत नाही. कचेरीत याची थट्टाही होते. एकजण म्हणतो, यांच्या लग्नात हार किती इंचाचा होता ते यांना अजून सांगता येईल. (येईल.)

या सवयीमुळेच मला आमच्या कलामहोत्सवाच्या समितीत घेतलं. महोत्सव म्हणजे फार मोठं काही नाही. पाडवा झाला, ऊसतोडीला गेलेली माणसं घरी परतली, की वैशाखातल्या एका रविवारी मंगल कार्यालयात दिवसभराचा कार्यक्रम असतो. चकलांब्याकडचं एक भजनी मंडळ येतं, शिरूर कासारहून भीमगीतं गाणारा एक संच येतो, पाटोद्याच्या मुलींचं समूहनृत्य असतं, कॉलेजच्या पोरांची एक एकांकिका असते, एखादं भारूड. जेवणाच्या हॉलमध्ये चित्रं लावतात. आमच्या भागात चित्र काढणारे बरेच आहेत, पण चित्र टांगायला जागा नाही, म्हणून वर्षातून एक दिवस पंगतीच्या भिंतीवर.

मंचाची आणि भिंतींची व्यवस्था माझ्याकडे. पहिल्याच वर्षी मी सगळ्या भिंतींवर जमिनीपासून पाच फुटांवर दोरी ताणली आणि सव्वातीन फुटांच्या अंतराने खिळे मारले. त्याआधी चित्रवाल्यांची दरवर्षी भांडणं व्हायची, माझं कोपऱ्यात गेलं, त्याचं दारासमोर आलं म्हणून. त्या वर्षी झाली नाहीत. एक म्हातारे चित्रकार मला म्हणाले, "तुमच्या दोरीपुढं सगळे सारखे." मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी ते घरी येऊन बायकोला सांगितलं, दुसऱ्या दिवशी कचेरीतही सांगितलं.

हलगीचा संच या यादीत असायचा आणि नसायचाही. पत्रिकेवर सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, 'स्वागत : हलगीवादन' असं छापलेलं असे. पाच माणसं, तीन हलग्या, एक सनई, एक झांज. सकाळी पाहुण्यांच्या गाड्या आल्या की ती फाटकापाशी वाजवत. मग पाहुण्यांच्या पुढे वाजवत हॉलमध्ये येत आणि मंचासमोर, पहिल्या रांगेतल्या सोफ्यांच्या आणि मंचाच्या मधल्या पट्टीत, पाचेक मिनिटं वाजवून बाजूच्या दाराने बाहेर जात. मंचावर कधी नाही. का नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

या संचाचा म्होरक्या माझा शाळेतला सोबती. गावाबाहेरच्या मातंग वस्तीतला. आम्ही पाचवी ते नववी एका बाकावर बसलो. माझी गणितं कधी चुकली नाहीत आणि त्याची बोटं कधी थांबली नाहीत. तो बाकावर वाजवायचा आणि मार दोघांना बसायचा. नववीनंतर त्याने शाळा सोडली. आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेला, आणि पावसाळ्याचे दिवस सोडले तर पुढची वीसेक वर्षं बाहेरच होता. आता गावातच असतो, लग्नं-वराती करतो. चारचौघांत तो मला साहेब म्हणतो. दोघंच असलो की बे.

दोन वर्षांपूर्वी महोत्सवाच्या महिनाभर आधी तो माझ्याकडे आला. मी अंगणात स्कूटर पुसत होतो.

"बे, एक काम हाय."

"बोल की."

"औंदा आमाला वर वाजवू दे."

मला क्षणभर कळलं नाही. "वर म्हणजे?"

"वर म्हंजी वर. मंचावर. माडीवर न्हाई म्हनत."

मी हसलो. तोही हसला, पण लगेच थांबला. पायरीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. मनात जुळवून आणलेलं होतं, हे बोलण्यावरून कळत होतं.

"खालून वाजवलं की लोक आमच्या डोक्यावरून मंचाकडं बघत्यात, आता कोन येतंय म्हनून. आमी म्हंजी गाडीचा भोंगा झालो. भोंगा कोन ऐकतं का? गाडी आली एवढंच कळतं. एकदा बसलेल्या मानसानं मान वर करून बघावं आमच्याकडं. लई न्हाई, धा मिनटं."

मग त्याने उजवा खांदा चोळला. "ह्यो धरतोय आता. डागदर म्हनला काम बदला. अजून दोन वर्सं वाजवीन, फार तर तीन. मग पोरं हायेत, पर ती डीजेवाली."

मला एक अडचण सुचली, ती मी बोललो. हलगीचं कातडं तापवल्याशिवाय आवाज देत नाही. वाजवायच्या आधी ती जाळावर शेकावी लागते. मंचावर पडदे आहेत, जाळ करता येणार नाही.

"ते म्या बगितलंय," तो म्हणाला. "मागल्या अंगनात शेकून आनतो. वैशाखात धा-बारा मिनटं उतरत न्हाई. उतरली तर दुसरी तापलेली हातात द्यायची. तुज्या पडद्याला झळ लागायची न्हाई."

म्हणजे त्याने माझ्याआधीच हिशेब केला होता. मी म्हणालो, बघतो, मला तर काही हरकत दिसत नाही. आणि खरंच मला तेव्हा काही हरकत दिसत नव्हती.

समितीच्या बैठकीत मी विषय काढला. आमचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक आहेत, गोड बोलतात, कुणाला तोडून बोललेले मी ऐकलेले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कल्पना छानच आहे. पण हलगी कशी, स्वागताची. खुल्यात शोभते ती. वर आणली तर... म्हणजे माझं काही नाही हो. पण सोफ्यावर जे बसतात ते आपले जुने लोक. त्यांना उगाच वाटायला नको."

"काय वाटायला नको?" असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. बाकीचे सहाजण चहाकडे बघत होते.

"तुम्हीच बघा," अध्यक्ष म्हणाले. "मंच तुमच्याकडे आहे. मापात बसलं तर बसवा. नाही बसलं तर आपण तरी काय करणार?"

त्यांनी मला काय सांगितलं ते मला त्याच क्षणी समजलं. आणि मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. नाही म्हणायचं काम माझ्याकडे आलं नव्हतं, फितीकडे आलं होतं.

त्या संध्याकाळी जेवणाआधी मी टेबलावर कागद घेतला. मंचाची रुंदी अठ्ठावीस. दोन्ही बाजूंना ध्वनिक्षेपकांची खोकी, तीन-तीन फूट. उरले बावीस. हलगी वाजवणाऱ्याला हात मोकळा लागतो, म्हणून माणशी पाच फूट. पाच माणसं, पंचवीस फूट. तीन फूट कमी पडतात. खाली रेघ मारली, सही केली, तारीख घातली.

या गणितात एकही आकडा असा नाही की ज्यावर कुणी बोट ठेवावं. खोकी तीन फुटांचीच आहेत. हात मोकळा लागतोच. पण सनईवाल्याला पाच फूट कशाला लागतात? झांजवाल्याला? हलगी छातीशी धरतात, तिला साडेतीन फूट पुष्कळ झाले. आणि हे सगळं सोडलं तरी मंच सोळा फूट खोल आहे. तीन पुढे, दोन मागे उभे केले तर अर्धा मंच मोकळा राहतो. मी पाचही माणसांना कागदावर एका रांगेत उभं केलं. दुसरी रांग मला सुचली नाही असं नाही. सुचली, आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

बायको ताटं मांडता मांडता कागदावर वाकली. तिचं शिक्षण बारावीपर्यंत, आणि रांगोळीच्या ठिपक्यांचा हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगला येतो.

"अहो, हे सगळे एकाच रांगेत कशाला? शाळेत शिक्षा केल्यावानी?"

"हलगीवाले असेच उभे राहतात."

"कोण म्हणलं? वरातीत तर गोल करून नाचत्यात."

"वरात वेगळी, मंच वेगळा."

ती म्हणाली, "बरं बाई, इंजिनेराच्या घरात आपण कोण बोलणार," आणि आमटी वाढायला लागली. मी इंजिनियर नाही. ते तिला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी कागदाची एक प्रत अध्यक्षांना दिली. त्यांनी ती बैठकीच्या वहीला टाचली आणि "वा, किती स्वच्छ काम" असं म्हणाले. दुसरी प्रत खिशात घालून मी सोबत्याकडे गेलो. तो लिंबाखाली हलगीची कडी आवळत बसला होता. मी म्हणालो, बसत नाही रे.

"कावून?"

मी कागद उघडून दाखवला. बावीस आणि पंचवीस. त्याने कागद हातात घेतला नाही, वरूनच बघितला. मला वाटलं आता भांडेल, विचारेल, दोन रांगा कर म्हणेल. माझं उत्तर तयार होतं. मागच्याचा आवाज पुढच्यात मिसळतो, असं काहीतरी मी वाटेत जुळवलं होतं.

तो म्हणाला, "तू मोजलंय न्हवं?"

"हो."

"मग बराबरच आसंल." आणि पुन्हा कडी आवळायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "च्या घेतो का?"

मी घेतला. कप रिकामा होईपर्यंत तिथे बसलो.

महोत्सवाच्या दिवशी ते पाचजण नेहमीसारखे आले. फाटकाशी वाजवलं, पाहुण्यांच्या पुढे वाजवलं, मंच आणि सोफ्यांच्या मधल्या पट्टीत वाजवलं. ती पट्टी साडेसहा फुटांची आहे. तिच्यात ते पाचजण दोन रांगा करून उभे राहिले, तीन पुढे, दोन मागे. सवयीने राहिले. मी बाजूच्या खांबाला टेकून ते बघत होतो, आणि माझ्या कागदातलं खोटं माझ्यासमोर उभं राहून वाजत होतं. पाहुणे मोबाइलवर बोलत होते. एकाने आवाज ऐकू येईना म्हणून दुसरा कान बोटाने बंद केला.

दर वर्षी वाजवून झालं की तो संच निघून जाई. त्या वर्षी सोबती थांबला. मागच्या खुर्च्यांवर बसून कार्यक्रम बघत राहिला. भजन झालं, भारूड झालं. मग पाटोद्याच्या मुली आल्या. नऊवाऱ्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या, फेर धरत, झेप घेत होत्या. टाळ्यांचा कडकडाट. मी मागे वळून बघितलं तेव्हा तो टाळ्या वाजवत नव्हता. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता.

नृत्य संपल्यावर तो माझ्या खांबापाशी आला. भोवती माणसं होती, पण साहेब म्हणाला नाही, बे म्हणाला नाही, कशानेच हाक मारली नाही.

"चौदा," म्हणाला.

मी रिकाम्या मंचाकडे बघितलं.

"सात फुडं, सात मागं." एवढं बोलून बाजूच्या दाराने गेला.

त्यानंतर आठेक महिने तो मला टाळत होता असं मी म्हणू शकत नाही. टाळत मी होतो. बाजारात तो दिसला की मी भाजीवाल्याशी भावाची घासाघीस करत बसे. मेथीची एक जुडी घ्यायला मी एकदा पाव तास लावला. कचेरीत नालीचं माप लिहिताना हात थांबू लागला. आकडा बरोबर असे, तरी मी पुन्हा फीत लावायला माणूस पाठवी. शिपाई एकदा म्हणाला, "साहेब, नाली कालच्यापेक्षा वाढत न्हाई."

संक्रांतीनंतर मी त्याच्याकडे गेलो. दुपारची वेळ होती, तो घरात एकटाच होता, खांद्याला कसलंतरी तेल लावलेलं. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. जागा होती. मला माहीत होतं. अध्यक्षांना नको होतं आणि मी ते मापात बसवलं.

त्याने तेलाची बाटली बंद केली.

"ते मला त्याच दिशी कळलं. पोरींनी सांगितलं की मला."

"माझं चुकलं."

"आरं, नको म्हनायचं की सरळ. न्हाई ऐकायची आमाला सवय हाय. माज्या बापाला व्हती, आज्याला व्हती. न्हाई म्हनला असतास तर म्या भांडलो असतो, चार शिव्या दिल्या असत्या, बोंबललो असतो त्या सोफ्याफुडं. पर तू माप आनलंस. मापासंगं कसं भांडायचं बे? शाळेपासनं तुजं कदी चुकलं न्हाई. म्या घरी येऊन ह्यांना सांगितलं, चौघांना, की मानूस मोजून आलाय, जागाच न्हाई. तुज्यासाठी म्या भांडलो त्यांच्याशी."

हे मला माहीत नव्हतं. मी खाली बसलो.

"औंदा मी वर घेणार," मी म्हणालो. "काही झालं तरी."

"ते घेशील. पर एक कर. ज्यांच्याफुडं कागूद ठिवलास न्हवं, त्यांच्याफुडं सांग, कागूद खोटा व्हता म्हनून. मला एकट्याला सांगून काय? मला ठावं हाय."

मी हो म्हणालो.

मागच्या वर्षीच्या फाल्गुनातल्या बैठकीत मी नवा नकाशा नेला. हलगी मंचावर, तीन पुढे, दोन मागे, दहा मिनिटं, वेळ दुपारी चार. अध्यक्षांनी वही चाळली, मागचा टाचलेला कागद काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"मागच्या वेळी तर बसत नव्हतं?"

सात माणसं माझ्याकडे बघत होती. मी वाक्य घरून ठरवून आणलं होतं, मुखोद्गत केलं होतं. 'जागा होती, मी मुद्दाम एक रांग धरली.' सात शब्द. माझ्या तोंडून बाहेर पडलं ते असं: "मागच्या वेळी मोजण्यात चूक झाली."

अध्यक्ष हसले. अगदी मोकळं हसले. "चला, म्हणजे तुम्हीही माणूसच!" सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, पंचवीस वर्षांत पहिली चूक, पेढे पाहिजेत. कुणी विरोध केला नाही. मध्यंतरी शेजारच्या तालुक्यात एका हलगी संचाचा मंचावर सत्कार झाला होता आणि त्याचे फोटो सगळीकडे फिरले होते, त्यामुळे आता सोफ्यावरच्यांना काही वाटणार नव्हतं. अध्यक्षांनी जुना कागद उचलून माझ्या हातात दिला. "हा फाडा आता." मी तो तिथेच फाडला. म्हणजे वहीतला पुरावाही मीच नाहीसा केला. चूक झाली, असं वहीत लिहिलं गेलं आणि त्याखाली माझी सही आहे.

महोत्सवात त्या पाचजणांनी वर वाजवलं. मागच्या अंगणात पाचट पेटवून हलग्या शेकल्या आणि धावतच पायऱ्या चढले. पहिल्या थापेला पुढच्या रांगेतली बाई दचकून हसली. मग माना वर झाल्या. मी हे नीट बघितलं. सोफ्यावरच्या अकरापैकी नऊजणांनी मोबाइल खाली ठेवले होते. सातव्या मिनिटाला त्याचा खांदा आखडला असावा, त्याने वाजवायची काठी, टिपरू, डाव्या हातात घेतलं, हलगी उजव्या काखेत दाबली आणि उलट्या हाताने वाजवत राहिला. लोकांना तो खेळ वाटला. त्यांनी उभं राहून टाळ्या दिल्या. मी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या हाताचा आवाज मलाच नकोसा झाला.

निवेदक माइकवर म्हणाला, "गेल्या वर्षी केवळ तांत्रिक चुकीमुळे ही संधी हुकली होती." त्याला ते वहीतूनच कळलं असणार. मंचावर सोबत्याने मान वळवून मला शोधलं. मी खांबाशी होतो. त्याला सापडलो.

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या अंगणात गेलो. जाळ विझला होता, बाकीचे चौघं चहा पीत होते. तो बादलीतल्या पाण्याने तोंड धूत होता.

"लई भारी झालं," मी म्हणालो.

"झालं." त्याने गमछाने मान पुसली. "चूक म्हनलास व्हय?"

"तोंडातून तसं निघालं."

"हूं." राग नव्हता. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं शाळेत माझ्या वहीत उत्तर तयार आहे का ते बघायचा. "बग, माजं वाजवून झालं. मी मोकळा. तुजं ऱ्हायलं."

मी म्हणालो, पुढच्या बैठकीत सांगतो. त्याने मान हलवली आणि हलग्या पोत्यात भरायला लागला.

त्यानंतर समितीच्या तीन बैठका झाल्या. तिन्हींना मी वेळेवर हजर होतो.